शाळेतल्या समुपदेशकाने व्यसनमुक्तीकडे वळावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात त्या सात वर्षं शैक्षणिक समुपदेशक आहेत. मानसशास्त्रात एम. ए. आणि समुपदेशनाची पदविका झालेली. दहावीनंतर कोणती शाखा, परीक्षेची धास्ती, गैरहजेरी ही रोजची कामं. पण मुलाच्या मार्कांविषयी बोलता बोलता घरातली दारू बाहेर येते, कधी त्याहून वाईट काही. आता त्यांना व्यसनातून आणि आघातातून सावरणाऱ्या माणसांबरोबरच काम करायचं आहे. कोणता कोर्स करू, नोकरी सोडू का, आणि शाळेतली इतकी वर्षं फुकट जातील का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी याच वाटेने आले. आधी शाळा, मग व्यसनमुक्ती केंद्र, आता बाहेरून येणारे रुग्ण आणि त्यांची कुटुंबं. माझ्या मते कोर्सचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. अवघड आहे ते शाळेतल्या कोणत्या सवयी बरोबर न्यायच्या आणि कोणत्या दारातच ठेवायच्या, हे ओळखणं. म्हणून उलट्या बाजूने सुरू करते.

सात वर्षांत काय शिकलात असं विचारलं, तर बहुतेक समुपदेशक सांगतील, मुलांना बोलतं करायला शिकलो. ते आहेच. पण या क्षेत्रात सगळ्यात जास्त कामाला येते ती दुसरीच गोष्ट, आणि शाळेत तिला कोणी काडीची किंमत देत नाही: पाठपुरावा. मुलगा सोमवारी आला नाही, तर मंगळवारी वर्गशिक्षिकेला विचारणं. पहिल्या चाचणीत आपटलेल्याला अख्खा पोर्शन न दाखवता दोनच धडे नेमून देणं, ते झाले का बघणं, झाले नसतील तर न चिडता एक धडा परत देणं. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला महिनोन्‌महिने हेच लागतं. डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवणं, होतं, केंद्रातला मुक्काम संपतो, घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि खरं काम तिथून सुरू होतं. ते कंटाळवाणं काम आहे. भावनांचा कल्लोळ, रडणं, मोठमोठे उलगडे यांच्या ओढीने या क्षेत्रात येणारी माणसं वर्षभरात निघून जातात. टिकतात ती वह्या तपासायची सवय असलेली.

उदाहरण देते, तपशील बदलून. सासष्टीतल्या एका हॉटेलात कामाला असलेले गृहस्थ. पावसाळाभर त्यांनी दारूला हात लावला नव्हता. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आली होती आणि मूळ घर सत्तरीत. घरच्यांना वाटत होतं, गणपतीच्या दिवसांत कसली भीती, देवाचं कार्य आहे. त्यांना स्वतःला मात्र पुरती कल्पना होती. आम्ही कालनिर्णयचं पान पुढ्यात घेतलं आणि दीड दिवसाच्या गणपतीचे तास मांडले. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायची, तिथे धोका नाही, हातांना काम असतं. धोका रात्रीच्या आरत्यांनंतर, जेव्हा वाड्यावरची घरं संपतात आणि चुलतभाऊ मागच्या परड्यात बसतात. ठरलं असं: आरतीला जायचं, घुमटही वाजवायचं, पण निघण्याआधी पोटभर जेवून घ्यायचं. शेवटच्या घरी न थांबता धाकट्या मुलीला झोप आली म्हणून तिला घेऊन परतायचं. स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात, म्हणजे निघायला कोणाची परवानगी लागणार नाही. चुलतभावाने ग्लास पुढे केला तर एवढंच म्हणायचं, ‘गोळ्या चालू आहेत रे’. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, आधी फार लाजले. रात्री साडेदहाला एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मधल्या एका जुन्या सदस्याला फोन करायचा, हेही पानावर लिहिलं.

चवथ निभावली. पुढे उराकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत ते घसरले. परत आले, आम्ही परत पान काढलं, या वेळी काजूच्या मोसमाचं. शाळेत जूनपर्यंत निकाल लागतो आणि विषय मिटतो. इथे तसा निकाल लागत नाही, हे तुमच्या अंगवळणी पडायला वेळ लागेल. पण पान आखणं, परत आखणं, हे तुम्हाला आत्ताच येतं. मला तर शाळेतलं वेळापत्रक बनवण्याचं कौशल्य इथे रोज उपयोगी पडतं.

आता दारात ठेवायच्या सवयी. पहिली, सल्ला. शाळेत मुलगा विचारतो, सायन्स घेऊ की कॉमर्स, आणि आपण सांगतो. ते आपलं कामच असतं. व्यसनाच्या बाबतीत सांगून काही होत नाही, कारण समोरच्याला सगळं आधीच ठाऊक असतं आणि बायको, आई, पाद्री, भटजी, डॉक्टर सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. समजा माणूस म्हणाला, ‘मी तसा रोज नाही घेत.’ आपल्या जिभेवर लिव्हरचं व्याख्यान तयार असतं. त्याऐवजी विचारून बघा, ‘ज्या दिवशी नाही घेत, त्या दिवशी काय वेगळं असतं?’ मग तो स्वतःच सांगू लागतो: सासू आलेली असते, मुलाची फुटबॉलची मॅच असते, पगार संपलेला असतो. बदलाची कारणं त्याच्या तोंडून यावी लागतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणावर्धक मुलाखतीची पद्धत ती हीच. नंतर स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यांनी ती वाढवली. तुम्ही एकच पद्धत शिकणार असाल तर ही शिका.

दुसरी सवय पालकांना बोलावून घेण्याची. बारावीच्या मुलाच्या बॅगेत गांजा सापडला की शाळेची यंत्रणा आपोआप हलते. प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही काही सांगता येत नाही, मग ती रडत फोन का करेना. गोव्यासारख्या ठिकाणी हे विशेष जपावं लागतं. इथे समुपदेशकाची मावशी आणि रुग्णाची चुलती एकाच देवळाच्या महाजनांत निघतात. बाजारात रुग्ण दिसला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. लोक सुटकेचा श्वास सोडतात.

आघाताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात त्याची ओढ जास्त दिसली. आजकाल ट्रॉमा हा शब्द फार स्वस्त झालाय आणि शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्रं मिळतात. लहानपणीच्या आघातांचा आणि व्यसनाचा संबंध खरा आहे. १९९८ साली अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे अनुभव न आलेल्यांच्या ४ ते १२ पट दिसला. पण यावरून प्रत्येक पिणाऱ्याच्या मागे दडलेली जखम शोधत बसू नये. खाणी बंद पडल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हप्त्यांनी पिणं वाढलेले लोक मी डिचोलीत पाहिलेत. बोटीवर नऊ महिने काम करून घरी आल्यावर तीन महिने काय करायचं हे न कळल्याने पिणारे सासष्टीत पाहिलेत. त्यांच्या बालपणात मी उगाच कशाला शिरू?

आणि जखम असली तरी ती आधी उघडायची नसते. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सांगितलेला क्रम आजही या कामाचा कणा आहे: आधी सुरक्षितता, मग आठवणींचा आणि दुःखाचा सामना, मग पुन्हा जगात मिसळणं. दारू सुटून दोन आठवडे झालेल्या बाईला, काकाने काय केलं ते सगळं सांग, म्हणणं म्हणजे तिला संध्याकाळी वाइन शॉपकडे ढकलणं. ती ज्याच्यासाठी पीत होती तेच आपण उकरलं आणि झोपेचा तिचा एकमेव उपाय काढून घेतला. सुरुवातीचे कित्येक महिने मी झोप, जेवण, घरात मारहाण चालू आहे का, पैसे कोणाच्या हातात आहेत, रात्री दाराला आतून कडी लागते का, एवढंच बघते. तिने आपणहून सांगितलं तर ऐकते, तपशील विचारत नाही. आठवणींवर थेट काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत आणि त्या प्रभावीही आहेत, पण त्या रीतसर शिकलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्याच्या हातात असाव्यात.

खोलीसुद्धा महत्त्वाची. शाळेतली समुपदेशन खोली म्हणजे बहुधा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली जागा. शिपाई चहा घेऊन न विचारता आत येतो आणि पलीकडे स्टाफरूममधलं हसू ऐकू येतं. आघात सोसलेल्या माणसाला दाराजवळची खुर्ची द्या, तिच्या आणि दाराच्या मध्ये आपण बसू नका. दार बंद करू का, हे विचारा. धीर द्यायला म्हणून खांद्यावर हात ठेवण्याची आपली सवय सोडा. बोलता बोलता डोळे शून्यात गेले तर प्रश्न थांबवा, पाय जमिनीला टेकवायला सांगा, खिडकीतून काय दिसतं ते सांगायला सांगा. हे शाळेत आजपासून करता येईल, त्याला डिग्री लागत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाठ हवी. सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घोट घेणाऱ्या माणसाला, आजपासून एकदम बंद, असं चुकूनही सांगू नका. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत घाम, ताप, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं असं सुरू झालं आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणूस दगावू शकतो. त्याची जागा बांबोळीला, आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात किंवा गोवा मेडिकल कॉलेजात. आधी डॉक्टर, मग समुपदेशन. कधी थांबवायचं आणि कधी आधी पाठवायचं, हे ओळखणारा समुपदेशक डॉक्टरांना हवा असतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट प्रश्नावली शिकून घ्या. ती साधी आहे आणि तुम्हाला चाचण्यांची सवय आहेच.

कायद्याचं थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेतून आल्यामुळे हे तुम्हाला ठाऊक असेल. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा तर २००३ पासून आहे. पण व्यसनमुक्तीत आईच्या तोंडून मुलीविषयी कळतं, तेव्हाही हेच लागू होतं. म्हणून गुप्ततेची मर्यादा पहिल्या भेटीत सांगायची, गोष्ट बाहेर आल्यावर नव्हे. दुसरं, ड्रग्जची भीती. पोलीस पकडतील म्हणून मुलं उपचाराला येत नाहीत. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात खटल्यापासून सवलतीची तरतूद आहे. वकिलाशी बोलायला सांगा, पण अशी तरतूद आहे हे त्यांना कळू द्या.

आता कोर्स. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. पूर्वी दोन वर्षांचं एम. फिल. हा ठरलेला रस्ता होता. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एम. फिल. बंद करायचं ठरवल्यावर तो बदलतोय, म्हणून प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यता स्वतः तपासा, संस्थेच्या जाहिरातीवर जाऊ नका. समुपदेशकांनाही २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने कक्षेत घेतलंय, त्याच्या नोंदणीकडे लक्ष असू द्या. तुमच्या एम. ए.वर व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून काम करायला मात्र क्लिनिकलची डिग्री अनिवार्य नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग असतात, नोकरी सांभाळून होतात. सुट्टीत पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन काम जवळून बघता आलं तर बघा. १९८६ पासून मराठीत हे काम चालू आहे, आणि आपल्या माणसांशी कसं बोलायचं ते तिथे कानावर पडेल.

डिग्रीचं फार ओझं घेऊ नका असं म्हणते, त्याला आधार गोव्यातलाच आहे. ‘संगाथ’ या गोव्यातल्या स्वयंसेवी संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांबरोबर जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी पिणं सुरक्षित पातळीवर आलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीची सेवा घेणाऱ्यांत २६. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. माझ्या लेखी त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून गुण देत असत. देशात एकूण मदत किती तोकडी आहे पाहा: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं आढळलं. तेव्हा तुमच्यासारखीला काम मिळेल का, ही काळजी नको. कुठे मिळेल, ती करा.

कारण केंद्रं सगळ्या प्रकारची आहेत. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही मुलाखत घ्या. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर कधी येतात? गोळ्या कोण वाटतं? फाटकाची किल्ली कोणाकडे? रुग्णाला घरी फोन करता येतो का? माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साफ बंदी आहे, तरी शिस्तीच्या नावाखाली काय काय चालतं ते डोळे उघडे ठेवून पाहा. एका ठिकाणी मला अभिमानाने सांगितलं गेलं की आमच्याकडे पळून जायची हिंमत कोणी करत नाही. मी चहा संपवून निघाले. चांगल्या केंद्रांत तुम्हाला स्वतः दारू सोडलेले सहकारी भेटतील. तुमच्याकडे डिग्री आहे, त्यांच्याकडे ज्ञान. पहिलं वर्ष त्यांच्या हाताखाली काढायची तयारी ठेवा.

नोकरी सोडायची का? माझं उत्तर आत्ता नाही असं आहे, पण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळेत बसूनही या कामाचा एक मोठा तुकडा तुमच्या हातात आहे: पिणाऱ्याच्या घरातली मुलं. त्यांच्यासाठी कोणी काही करत नाही. बाप दाखल होतो, आई अल्‌-अनॉनला (पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या गटाला) जाते, आणि मुलगा संध्याकाळी फाटक वाजलं की पावलांच्या आवाजावरून अंदाज घेत बसतो. आठवड्यातून एकदा अशा चार-पाच मुलांना एकत्र बसवायला मुख्याध्यापकांची परवानगी मागा. गटाला ‘अभ्यास कौशल्य’ असं काहीतरी बिनधोक नाव द्या, नाहीतर एकही मूल येणार नाही. शनिवारी दुपारी एखाद्या केंद्रात कुटुंबांच्या सत्रात बसा. एएच्या खुल्या सभा असतात, तिथे मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐका. असं वर्षभर करून मग ठरवा. पगार शाळेपेक्षा जास्त मिळेल ही आशा मात्र ठेवू नका.

शेवटी एक प्रश्न, उत्तर इथे देऊ नका, स्वतःशी द्या. तुमच्या घरात कोणी पीत होतं का? या क्षेत्रात येणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर हो असतं, आणि त्यात वावगं काही नाही, उलट पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. मात्र मग रुग्णाच्या जागी आपला बाप दिसू लागतो, आणि त्याला वाचवायची धडपड सुरू होते. त्यासाठी आपल्याला स्वतःचा समुपदेशक हवा आणि कामावर देखरेख करणारी अनुभवी व्यक्ती हवी, महिन्यातून किमान दोनदा, पदरचे पैसे घालून का होईना. ती सोय आधी लावा, कोर्सची फी नंतर भरा.

नोकरी कायम आहे की कंत्राटी, घरात दुसरं कोणी कमावतं का, आणि रात्रीचे फोन घेता येतील अशी घरची परिस्थिती आहे का, हे कळवलंत तर सोडण्याबद्दल याहून नेमकं सांगता येईल.